दिसतंय, पण लागत नाही

अठ्ठ्याण्णव! स्क्रीनवरचं वर्तुळ भरत गेलं, आधी लाल, मग नारिंगी, आणि मग एकदम असं हिरवंगार झालं की मी खुर्चीतून उठून चक्क ओरडले. चाळिशी उलटलेल्या बाईने भर ऑफिसात ओरडू नये म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांना कधी शंभरात अठ्ठ्याण्णव मिळाले नसतील. शेजारचं वर्तुळ नारिंगीवरच अडकलं होतं. एकाहत्तर. ते एकाहत्तर माझ्या नवऱ्याचे. तो माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसतो. मी ओरडले तेव्हा त्याने मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा चहा प्यायला लागला. ऑफिसात त्याला निवांतराव म्हणतात ते उगीच नाही. हा माणूस हरला तरी चहा गार होऊ देत नाही. मला मात्र टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. कानशिलं गरम झाली होती, हाताला मुंग्या आल्या होत्या, आणि पोटात काहीतरी जुनं, विसरलेलं उड्या मारत होतं. असं मला शेवटचं कधी झालं होतं ते काही केल्या आठवेना.

आमची कंपनी लहान. शहराच्या रुग्णवाहिका केंद्राचं वेब पान आम्ही सांभाळतो. पान म्हणजे काय, एक लाल बटण. ते दाबलं की तुम्ही कुठे आहात ते केंद्राला कळतं आणि जवळची गाडी निघते. जुनं पान इतकं जड झालं होतं की साध्या फोनवर उघडता उघडता माणसाचा जीव जावा, आणि हे मी उगीच बोलायचं म्हणून बोलत नाही. तर मॅडमनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला आणि नवऱ्याला एकेक नवं पान करायला सांगितलं. "घरात भांडणं झाली तर माझ्याकडे यायचं नाही," एवढं वर बजावलं. कुठलं पान चांगलं ते पंच ठरवणार. पंच म्हणजे आमच्याकडची एक यंत्रणा. ती आपली आपण दोन्ही पानं उघडते, एकदा हे, एकदा ते, पुन्हा हे, पुन्हा ते, कारण नेटवर्कचा मूड घडीघडीला बदलतो आणि एकालाच वाईट वेळ गाठायला नको. स्वस्तातला फोन आणि रडकं नेटवर्क असल्याचं सोंग ती आणते, काय कधी दिसलं ते टिपते, मधला आकडा घेते आणि शंभरपैकी गुण देते. तिला बाप कोण, नवरा कोण, काही कळत नाही. म्हणून तर मला ती आवडते. जो जिंकेल त्याचं पान आज पाचला लोकांसाठी खुलं होणार होतं, आणि पुढे केंद्राचं सगळं काम त्याच्याच हातात जाणार होतं. नवऱ्याला त्यात फारसा रस नव्हता, त्याला कशातच नसतो. मला होता. मला इतका होता की गेले कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर लॅपटॉप उघडून बसायचो आणि मधे ती दोन झाकणं भिंतीसारखी उभी असायची. तो पाणी मागायला वाकला तरी मी स्क्रीन झाकायचे. "अगं, मी नवरा आहे तुझा, हेर नाही," तो म्हणायचा. "आजकाल काय सांगता येतं," मी म्हणायचे.

मला का हवं होतं ते सांगायला लाज कसली? अप्पांना, माझ्या वडिलांना, झटका आला तेव्हा मी काम सोडून घरी बसले. त्यांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्यांना मी आमच्याकडे आणलं. दीड वर्षाने परत कामावर आले तेव्हा माझी खुर्ची खिडकीपासून हलून झेरॉक्सच्या मशीनजवळ गेली होती. कामं मिळायची तीही तशीच. हा निळा जरा गडद कर, तो फोटो जरा डावीकडे घे. एकेकाळी केंद्राचं अख्खं काम मी बघायचे, आणि आता मी फोटो डावीकडे घेत होते. सगळे गोड बोलायचे, अप्पांची चौकशी करायचे, आणि मीटिंगला बोलवायचं विसरायचे. रात्री नवऱ्याच्या तोंडून कळायचं की मीटिंग झाली. तेव्हा नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण बोलणार कुणाला? म्हणून हे अठ्ठ्याण्णव. हे अठ्ठ्याण्णव म्हणजे माझी खिडकी होती.

मॅडम काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई गं! एवढा फरक?" मी म्हटलं, "मग! आता कळलं ना, कोण कोण आहे ते?" त्या हसल्या. "मी वर कळवते. पाचला तुझंच पान." आणि केबिनकडे जाता जाता थांबून, अगदी सहज, जणू आत्ताच सुचलं, "आणि तिथे काय बसतेस त्या मशीनपाशी, उद्यापासून इकडे ये." इकडे म्हणजे खिडकीशी. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. मी नवऱ्याला मेसेज केला, "रडू नकोस." त्याचं उत्तर आलं, "रडतोय. संध्याकाळी भाजी तू आण, माझे डोळे भरलेत."

खरं तर मी काय केलं होतं ते अगदी साधं आहे, आणि मला त्याचा फार अभिमान होता. झटक्याच्या त्या दिवशी अप्पा त्यांच्या घरी जमिनीवर पडले होते आणि मी त्यांच्या फोनवरून जुनं पान उघडलं होतं. माझा फोन माझ्याच घरी राहिला होता. पान पांढरं. नुसतं पांढरं. त्यावर एक बारीक गोल फिरतंय आणि अप्पांचं तोंड एका बाजूला ओघळत चाललंय. मी ते पांढरं बघत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, शेवटी शेजाऱ्यांनी आपल्या गाडीत घालून नेलं. तो पांढरा रंग अजून स्वप्नात येतो. म्हणून माझं पान करताना मी पहिली शपथ घेतली की काही झालं तरी पांढरं दिसता कामा नये. पान उघडलं की लाल बटण समोर, पापणी लवायच्या आत. बाकीचं सामान मागून येऊ दे, नकाशा, ठिकाण शोधणं, केंद्राशी बोलणं, तो सगळा कोड पोत्यात भरून मागच्या गाडीने. आधी दिसू दे. माणसाला धीर येऊ दे. नवऱ्याने नेमकं उलट केलं होतं, आपल्या स्वभावाला धरून. त्याचं पान आधी सगळं जमवाजमव करायचं आणि मग सावकाश तोंड दाखवायचं. मी त्याला म्हटलंही होतं, "लोक मरतील रे तोवर." तो म्हणाला, "बघू."

पंच गुण देतो तसे पुरावेही देतो. पान उघडताना दर थोड्या वेळाने त्याचा फोटो काढून ठेवतो आणि ते सगळे फोटो एका पट्टीत लावून देतो, वरच्या ओळीत एक पान, खालच्या ओळीत दुसरं. मिरवायचं असेल तर त्यासारखं साधन नाही. मी ती पट्टी उघडली ती केवळ मजा घ्यायला. वरच्या ओळीत माझं, पहिल्याच फोटोत लाल बटण, टपोरं, ठसठशीत. खाली नवऱ्याचं, पांढरं, पांढरं, पांढरं, अजून पांढरं. मी खुदकन हसले. शेजारच्या टेबलावरची चित्रकार मुलगी, आमच्या पानांची सजावट तीच करते, ती वाकून म्हणाली, "अय्या, बिचारे!" मी म्हटलं, "बिचारे कसले, घरी यांना रोज आयतं जेवण मिळतं." आणि अशी हसता हसता मी पट्टी पुढे सरकवत होते. माझं बटण, माझं बटण, माझं बटण. मधेच खाली नवऱ्याचं पान उगवलं, बटण आणि बटणाखाली बारीक अक्षरात एक ओळ, "तुमचं ठिकाण सापडलं." दोन्ही एकदम. ही ओळ माझ्याही पानावर आहे, ती आम्हाला केंद्रानेच दिलेली. बटणामागचा कोड पूर्ण येऊन जागा झाला की ती उमटते. मी वरच्या ओळीत ती शोधायला लागले. नाही. पुढच्या फोटोत नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. बटण तेवढं झळकतंय. पट्टी सरकतेय, बटण झळकतंय आणि खाली काही नाही. मग अगदी टोकाला, नवऱ्याची ओळ येऊन शिळी झाली तेव्हा कुठे, माझी ओळ आली.

अजून काही समजलं नव्हतं. आणि एकदम आजची सकाळ समोर आली, आख्खीच्या आख्खी. अप्पांची खोली, खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांवर, खुर्चीच्या हातावर ठेवलेला त्यांचा तो जुना फोन. आज निकाल म्हणून मला राहवलं नव्हतं. मी माझं पान त्यांच्या फोनवर उघडून त्यांच्यापुढे धरलं होतं, चाचणीचं, म्हणजे दाबलं तरी खरी गाडी येत नाही. "बघा अप्पा, किती झटकन आलं! दाबा बघू." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उचलली. फिजिओने सांगून ठेवलंय, शक्य तेवढं उजव्यानेच करायचं. त्या हाताचं एवढं एकच बोट परत आलंय. फिजिओ आला की दर वेळी म्हणतो, "सर, दोन बोटं वर करा बघू," आणि अप्पा घामाघूम होतात, तर्जनी वर जाते आणि मधलं बोट आपलं शेजारी झोपलेलं. तर ती तर्जनी त्यांनी बटणावर ठेवली. काही झालं नाही. पुन्हा ठेवली. काही नाही. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द ओढून काढत, म्हणाले, "दिसतंय. पण. लागत नाही." फोन लागत नाही म्हणतात तसं. आणि मी, ऑफिसला उशीर होत होता, मी हसून म्हटलं, "बोट नीट पडत नाहीये तुमचं अप्पा. जरा जोर द्या ना." त्यांनी फोनकडे बघितलं नाही. त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. उलटसुलट करून बघितलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला. मी पर्स उचलून निघाले.

त्यांचं बोट नीट पडत होतं. मी झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसून, हिरव्यागार अठ्ठ्याण्णवसमोर, हे एवढंच वाक्य मनात घोळवत बसले. बोट नीट पडत होतं, बटणच मेलेलं होतं. माझ्या महागड्या फोनवर, ऑफिसच्या दांडग्या नेटवर्कवर ते मागचं पोतं असं चुटकीसरशी यायचं की मला कधी कळलंच नाही. आणि पंचाला कळायचा प्रश्नच नव्हता, कारण पंच नुसता बघतो. त्याला आम्ही बघायला शिकवलंय. तो फोटो काढतो, वेळ टिपतो, गुण देतो. त्याने आजवर एकदाही बटणाला बोट लावलेलं नाही. यंत्राला मी शेंडी लावली होती, आणि तीही नकळत, म्हणजे स्वतःलाही लावली होती.

आणि मग आठवलं. ते पोटातलं उड्या मारणं कधी झालं होतं ते. शाळेचं मैदान, चुन्याच्या रेषा, आणि टोकाला दोन मुलांनी धरलेली लाल फीत. अप्पा आमच्याच शाळेत खेळाचे सर होते. शिट्टी सर म्हणायचे त्यांना. शर्यतीचं घड्याळही तेच लावायचे आणि शेवटच्या रेषेवर निकालही तेच द्यायचे. घड्याळाबद्दल फार काटेकोर. पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचं नाही, धूर दिसला की करायचं, कारण आवाज मैदान ओलांडून येईपर्यंत उशीर होतो. हे मला त्यांनी जेवताना ताटावर चमचा वाजवून समजावलं होतं, आणि आई ओरडली होती की पोरीला जेवू द्या आधी. तर त्या शर्यतीत मी आणि एक लांब वेण्यांची मुलगी बरोबरीने आलो, आणि शेवटच्या दोन ढांगांत मी हात पुढे फेकला. जीव खाऊन फेकला. फीत माझ्या हातात आली, मनगटाला गुंडाळली गेली, सगळ्यांनी बघितलं. पोरं ओरडली. मी धापा टाकत वळले, आणि अप्पांनी त्या वेण्यांवालीकडे एक बोट केलं आणि माझ्याकडे दोन. दोन बोटं, ताठ, डोक्याच्या वर. दुसरी. मी फीत त्यांच्या तोंडासमोर नाचवली. ते शांतपणे म्हणाले, "हात नाही. छाती. धाव छातीने संपते." घरी आईने त्यांना फाडून खाल्लं. "पोटच्या पोरीला सुद्धा?" अप्पा म्हणाले, "पोटच्या पोरीला नाही म्हटलं, हाताला नाही म्हटलं." मी त्यानंतर कधी धावले नाही. राग गेला की नाही विचाराल तर नाही गेला. त्यांना भरवताना, त्यांची मान पुसताना, कधीतरी मधेच ती दोन बोटं आठवायची आणि घास जरा जोरात जायचा. हे खरं आहे, आता कशाला लपवू?

चार वाजायला आले होते. मला सगळं दिसत होतं, अगदी त्या पट्टीसारखं, एकेक फोटो वेगळा. गप्प बसले तर पाचला माझं पान. उद्या खिडकी. आणि परवा-तेरवा, कुणाला न सांगता, ते पोतं हलकं करून टाकायचं. कुणाला कळलं असतं? हा विचार मी केला, आणि चांगला शांतपणे केला, उगीच देवमाणसाचं सोंग कशाला? पण परवापर्यंत कुणीतरी कुणाच्या तरी शेजारी जमिनीवर बसून ते लाल बटण दाबत राहणार होतं. त्याला पांढरं दिसणार नव्हतं हे खरं. त्याला लाल दिसणार होतं, आणि आपलंच बोट नीट पडत नाही असं वाटणार होतं. आणि दुसरी गोष्ट, ती खरं तर पहिलीच, ती म्हणजे मला आता राहवत नव्हतं. मला जाणून घ्यायचं होतं. छातीने कोण पोचलं? कदाचित अजूनही मीच! नवऱ्याचं पान दिसायलाच इतकं उशिरा दिसतं, त्याचं बटण तरी कशावरून दाबल्या दाबल्या चालत असेल? या विचारासरशी मी खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले. बोटं अशी चालायला लागली की काय सांगू. पंचाला मी हात दिला. नुसतं बघू नकोस बाबा, दाब. पान उघडल्यापासून दाबत राहा, घाबरलेला माणूस दाबतो तसं, आणि केंद्राकडून "गाडी निघाली" असं उत्तर येईल तेव्हाच घड्याळ थांबव. सुरुवात धुरावर, शेवट छातीवर. मी स्वतःशीच हसत होते. चित्रकार मुलगी म्हणाली, "आता काय उरलंय? जिंकलात ना तुम्ही?" मी म्हटलं, "गप गं, शर्यत आत्ता सुरू होतेय."

मी पंच सोडला. एकदा माझं, एकदा त्याचं, पुन्हा माझं, पुन्हा त्याचं. जीव टांगणीला लागला म्हणतात तो असा. माझं बटण उगवलं आणि पंच दाबायला लागला, टकटकटक, आवाज नसतो हो त्याला, पण मला ऐकू येत होता. दाबतोय, दाबतोय. चल ना. चल ना गं बाई. अरे, जागं हो! मी टेबलाची कड घट्ट धरली होती, आणि खरं सांगते, इतकी मजा मला वर्षानुवर्षांत आली नव्हती. नवऱ्याच्या पानावर पांढरं असताना पंच हवेत दाबत बसायचा, आणि मला वाटायचं, बस तसाच, बस! पण ते लाल उगवलं रे उगवलं की पहिल्याच बोटाला उत्तर. एका फटक्यात. दर वेळी. आकडे खाली उतरत गेले, मधले आकडे ठरले, आणि वर्तुळं वगैरे काही नाही, साध्या अक्षरांत दोन ओळी आल्या. त्याचं साडेचार सेकंद. माझं आठ.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. म्हणजे नवरा जिंकला याचं नाही, तोही काही परका नाही, पण खिडकीचं वाईट वाटलं. मी तशीच उठले आणि आकड्यांचा कागद घेऊन केबिनमध्ये गेले, कारण बसून राहिले असते तर उठले नसते. मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं. "अगं पण हे सकाळी नाही का बघायचं? मी वर तुझं नाव कळवलंसुद्धा." मी म्हटलं, "आता त्याचं कळवा." त्यांनी कागद खाली ठेवला. "नक्की?" "मॅडम, त्याचं पान उशिरा येतं, पण आलं की जिवंत येतं. माझं नुसतं तोंड दाखवतं." त्यांनी सुस्कारा टाकला. "ठीक आहे. त्याचं पान पाचला. आणि ते बसायच्या जागेचं आपण नंतर बोलू." नंतर म्हणजे कधी ते मला ठाऊक होतं. बाहेर आले तर नवरा माझ्या टेबलापाशी उभा, पट्टी बघत होता. "वेडी आहेस का गं? मला जन्मात कळलं नसतं." "तुला काय कळतं एरवी?" मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा कापला, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणाला, "भाजी मीच आणतो."

घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. नवरा भाजीची पिशवी ठेवायला आत गेला आणि मी चपला न काढताच अप्पांच्या खोलीत शिरले. ते खुर्चीत होते, हात मांडीवर, सकाळी ठेवून दिला होता तसाच. मी त्यांच्यासमोर खाली बसले. "अप्पा, सकाळी तुम्ही म्हणालात ना, दिसतंय पण लागत नाही? बरोबर होतं. बटण मेलेलं होतं माझं. तुमच्या बोटाचा काही दोष नव्हता." मी त्यांचा फोन घेतला आणि नवऱ्याचं पान उघडलं, तेही चाचणीचंच. पांढरं. मी त्या पांढऱ्याकडे बघत राहिले, पण या वेळी शेजारी अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. मग लाल उगवलं. "दाबा," मी म्हटलं. त्यांनी तर्जनी उचलली, अंदाज घेतला आणि ठेवली. फोन थरथरला. पानावर अक्षरं आली, "गाडी निघाली."

"लागलं," अप्पा म्हणाले. आणि मग, बोटाकडे बघत, "बरं आहे. बोट."

"चांगलंच बरं आहे," मी म्हटलं. "आणि हे तुमच्या जावयाचं पान आहे. तो जिंकला. माझं आधी दिसत होतं अप्पा, खूप आधी, सगळे मलाच जिंकली म्हणत होते. पण मी घड्याळ छातीवर थांबवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झटक्यापासून त्यांचा एक डोळा जरा मिटलेला असतो, पण दुसरा लख्ख होता, मैदानावर असायचा तसा. "छाती?" त्यांनी विचारलं. "छाती," मी म्हटलं. मग मांडीवरचा उजवा हात हलला. खांदा वर आला, कोपर थरथरत वर आलं, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले, आणि ती तर्जनी वर गेली. मला वाटलं झालं. पण ते थांबले नाहीत. ओठ घट्ट मिटून, गाल ओढून, ते त्या झोपलेल्या मधल्या बोटाकडे बघत राहिले, आणि ते बोट आधी नुसतं हललं, मग वाकडं उठलं, मग हळूहळू, हळूहळू, तर्जनीच्या शेजारी येऊन उभं राहिलं.

दोन.

मी इतक्या मोठ्याने ओरडले की नवरा हातात कोथिंबीर घेऊन धावत आला. "काय झालं? काय झालं?" मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. अप्पांचा हात थरथरत होता, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. "अरे बघ काय!" मी म्हटलं. "दुसरी आले मी!"